परत आलेलं पार्सल

नवऱ्याला विस्मरणाचा आजार जडल्यापासून त्याने आयुष्यभर जमवलेली जुनी खेळणी ती ऑनलाइन विकत होती. आज पत्र्याची आगगाडी परत आली. ‘फोटोत रंग उडालेला दिसत नव्हता,’ गिऱ्हाइकाने कळवलं होतं. तिने नेहमीचं उत्तर टाइप केलं, ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व. पैसे परत पाठवले आहेत.’ तोवर नवऱ्याने खोका उघडला होता. आगगाडी उलटसुलट करून पाहताना तो हरखून गेला. “बाई, कुठे मिळाली हो तुम्हाला? किती वर्षं शोधतोय मी!” “आवडली?” तिने विचारलं. “म्हणजे काय! मला द्याल?” तिने मान डोलावली आणि विक्रीच्या यादीतून आगगाडी काढून टाकली. तिला रडू आलं नाही, बरंही वाटलं नाही. “थांबा हं, बायकोला दाखवतो.” त्याने आतल्या खोलीकडे वळून हाक मारली, “अगं, ऐकलंस का?” समोर बसलेली ती सवयीने म्हणाली, “आले.”