मातीची पदवी

अश्लेषा मृदातज्ज्ञ होऊन गावी आली, तेव्हा बाबांनी कौतुकानं अख्खी आळी अंगणात जमवली. शेजारच्या गयाकाकूंनी एक पिवळं पडलेलं पान पुढं केलं.

"बघ गं, काय रोग पडलाय?"

अश्लेषानं पान उलटसुलट पाहिलं. "काकू, हे कशाचं पान आहे?"

"अगं, हळदीच्या घरात वाढलीस ना तू!"

सगळे हसले. बाबा सगळ्यांत मोठ्यानं हसले. "चेष्टा करते ती."

अश्लेषाची मान खाली गेली. मातीचं सगळं शिक्षण एकाच दुपारी मेंदूत भरताना विद्यापीठानं तिच्या आठवणीतली पिकांची ओळख पुसून जागा केली होती. त्याला होकार तिनंच दिला होता.

लोक गेल्यावर तिनं ते सांगितलं, तेव्हा बाबांनी हळूच विचारलं, "शेतात राबणारी आई तरी आठवते का गं?"

"आठवते. तिचे हात दिसतात, बाबा. हातात काय आहे, ते ओळखू येत नाही."