गवतावरचा ठसा

आयुष्यभर ओळंबा धरून भिंती उभ्या केलेले गवंडीकाका तंबूची जागा मात्र पाठीने पारखत. आधी आडवं व्हायचं, खडे आणि उतार पाठीलाच कळतात, असं ते बायकोला ऐकवत.

तळ्याकाठची पहिली जागा झकास होती, पण तिथलं गवत आधीच दबलेलं होतं. माणूसभर लांब, डावा हात डोक्याखाली घेतल्यासारखं.

"तुमच्यासारखाच कुणीतरी चोखंदळ येऊन गेलाय," बायको हसली.

अर्ध्या तळ्याला वळसा घालून दोघं दुसऱ्या जागी पोचली. तिथेही तोच आकार होता, तसाच डावा हात. काकांनी हात लावून पाहिला. दिवसभर ऊन पडलं नव्हतं, तरी जमीन ऊबदार होती.

अंधारून येता येता आणखी थोडं पुढे ताठ उभं गवत दिसलं आणि काकांचा जीव भांड्यात पडला. "चल, तूही पडून बघ."

दोघं शेजारी आडवी झाली. काकांनी सवयीने डावा हात डोक्याखाली घेतला.

"सपाट आहे. इथेच ठोकू," म्हणत ते उठले आणि मागे वळले.

बायकोच्या अंगाखालचं गवत दबलं होतं. शेजारी एक पातंही वाकलं नव्हतं.

"अहो," ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "परत एकदा आडवे व्हा बरं."