पडणाऱ्याला मत

मतदानाला निघताना पप्पांनी रविवारचा, चर्चचा कोट चढवला. “एक पक्ष आपल्याला धमकावतो, दुसरा गृहीत धरतो. माझं मत अपक्ष आढाव मास्तरांना.”

“ते पडणारच, पप्पा. मत कशाला वाया घालवता?”

“मला प्रभूला तोंड दाखवायचंय, बाळ.”

“प्रभू काय बोटावरची शाई बघणार आहे?” मी हसले.

दुसऱ्या दिवशी पहाटे पप्पा झोपेतच गेले.

मास्तर हरले. महिन्याभरानं पप्पांच्या स्मरणप्रार्थनेला आले, तेव्हा त्यांच्या गळ्यात जिंकलेल्या पक्षाचं उपरणं होतं. “एकट्यानं काही होत नाही, ताई,” ते पुटपुटले. चर्चच्या पाळकांनी त्यांना पुढच्या बाकावर बसवलं.

सगळे पांगल्यावर मी एकटीच कबरीवर गेले.

“पप्पा,” मी मोठ्यानं म्हणाले, “त्या दिवशी मीही मास्तरांनाच मत दिलं होतं.”