झाकलेला चेहरा

कशेळ्याच्या बाजाराला आली की सुगंधाकाकी हर्षलाच्या शिलाईच्या दुकानात शिरते. "एकदा दाव गं," एवढंच म्हणते.

हर्षला मोबाइलवर कर्जतच्या चॅनेलची ती जुनी बातमी लावते. मांडव, हळदीचं ताट, पोलिसांना घेऊन आलेला पत्रकार, आणि मान खाली घालून जीपकडे जाणारी काकीची पंधरा वर्षांची पोर. तिचा चेहरा तेवढा धूसर केलेला. लग्न मोडलं, पोर पनवेलच्या वसतिगृहात शिकायला गेली. चॅनेलला कुणी कळवलं ते गावाला अजून ठाऊक नाही. पोरीचं नाव घरात घ्यायचं नाही, असं बापाने सांगून टाकलंय. भेटायला जाणं तर लांबच.

काकी त्या धूसर डागावरून बोट फिरवते, तसा व्हिडिओ थांबतो. हर्षला तो पुन्हा चालू करते.

"वेणी बघ. सकाळी मीच घातलेली," काकी म्हणते. "रडत होती का काय, तेवढं कळाया पायजे होतं."

आज हर्षलाला राहवलं नाही. "काकी, चॅनेलवाल्यांकडं न झाकलेला व्हिडिओ असंल. मी फोन करून मागते. तुमाला तिचं तोंड तरी दिसंल."

"नको गं." काकीने पिशवी उचलली. "त्यांना फोन केला तवा मीच बजावलेलं. लगीन थांबवा, पण माज्या पोरीचं तोंड कुनाला दावू नका."