काचेवरची ओळ

"‘कारागीर पाहिजे’ एवढं लिही आणि मग नीघ," मालक म्हणाले. "जाता जाता तेवढं एक काम कर."

पेंटरने मान डोलावली. पाट्या रंगवणाऱ्या या दुकानात त्याचा आज शेवटचा दिवस होता, आणि शेवटचं काम म्हणून त्याला स्वतःच्याच जागेची जाहिरात रंगवायची होती. त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. तक्रार वेगळीच होती.

"आणि मालक, माझा हिशोब?"

"पुढच्या आठवड्यात बघू की."

मालक तसे वाईट नव्हते. आल्यागेल्याला चहा पाजतील, कारागिराच्या घरी कोणी आजारी पडलं तर स्वतः डबा घेऊन जातील. पण काम सोडून जाणाऱ्याला पैसे द्यायची वेळ आली, की त्यांचा हात जो आखडायचा तो काही केल्या सुटायचा नाही. गल्लीतल्या निम्म्या दुकानांत ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी इथूनच गेली होती. मालक तेवढे ती उलटी पाळत.

"संध्याकाळची गाडी आहे माझी," पेंटर म्हणाला. "तिकडे स्वतःच्या दुकानासाठी गाळा बघून ठेवलाय. सकाळी पैसे भरले नाहीत तर दुसरा कुणीतरी घेईल. आणि माणूस काम सोडतो त्याच दिवशी सगळा हिशोब द्यायचा असतो, राहिलेल्या रजेच्या पैशांसकट. कायदाच आहे तसा."

"कायदा मला शिकवतोस? अरे, कायद्याच्या पाट्या विकता विकता म्हातारा झालो मी!" मालक हसले आणि चहाचा कप घेऊन खुर्चीत रेलले.

तेवढ्यात पेंटरच्या बायकोचा फोन आला. "मिळाले का?"

"रंगवतोय अजून," तो म्हणाला आणि ब्रश उचलला.

दुकानाच्या काचेवरची अक्षरं आतल्या बाजूने रंगवतात, म्हणजे त्यांना ऊनपाऊस लागत नाही. रस्त्यावरून सुलटी दिसायची तर आतून ती उलटी काढावी लागतात. पेंटरचा त्यात हात बसलेला होता. मालकांनी मात्र सगळी हयात गल्ल्यावर काढलेली. उलट्या अक्षरांकडे ते नक्षीकडे बघावं तसे बघत. आताही त्यांनी एकदा मान वर केली, "झकास!" म्हणाले आणि पेपरात डोकं घातलं.

‘कारागीर पाहिजे’ लिहून झालं. पेंटर थांबला. मग त्याने ब्रश पुन्हा रंगात बुडवला. बोलून तर काही उपयोग झाला नव्हता, आणि लिहिण्याशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं.

थोड्या वेळाने समोरचा औषधवाला काचेपाशी थबकला. वाचलं, आणि मालकांकडे बघून ‘मस्त’ म्हणत अंगठा वर करून गेला. फुलवाल्या काकूंनी तर बाहेरूनच हात जोडले. मालक खूश.

"बघ, तुझ्या अक्षरावर गल्ली फिदा आहे," ते म्हणाले.

मग दार ढकलून एक बाई आत आली. तिच्या कोपरापर्यंत रंगाचे डाग होते.

"मी पण पाट्याच रंगवते. जागा आहे ना? पण बाहेर लिहिलंय ते खरं का?"

"म्हणजे काय! आमच्याकडे जे पाटीवर, तेच दुकानात."

"मग उद्यापासून येते. जुन्या ठिकाणी माझ्या शेवटच्या पगारासाठी अजून हेलपाटे घालतेय. असं लिहून देणारा मालक आजच बघितला."

मालकांचं हसू जागच्या जागी राहिलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि ते बाहेर जाऊन काचेसमोर उभे राहिले.

‘कारागीर पाहिजे. काम सोडाल त्याच दिवशी सगळा हिशोब हातात.’

त्यांनी ते दोनदा वाचलं. औषधवाला रस्ता ओलांडून आला आणि पाठीवर थाप मारून म्हणाला, "मन मोठं आहे बुवा तुमचं!"

आतून पेंटर काचेआडून बघत होता. रंग अजून ओला होता. टर्पेंटाइनचं फडकं दाराच्या कडीलाच लटकत होतं, एकदा फिरवलं की ओळ गेली, आणि ओळीबरोबर गाळाही. मालकांनी फडक्याकडे पाहिलं. गल्लीकडे पाहिलं. आत उभ्या असलेल्या बाईकडे पाहिलं.

आणि मग ते जे हसत सुटले, ते पोट धरूनच आत आले.

"लबाडा! माझीच काच, माझाच रंग! उलटं लिहून मला सरळ केलंस की रे!"

गल्ला उघडला. महिन्याचा पगार, राहिलेल्या रजा, सगळं पेंटरच्या हातात आलं. त्याला रडू येत होतं आणि हसूही आवरत नव्हतं. त्याने तिथल्या तिथे फोन लावला.

"मिळाले. सगळे! रजेचेसुद्धा!"

पलीकडून बायको आनंदाने अशी किंचाळली की मालकांनीसुद्धा कानावर हात ठेवला.

"बरं, आता तुमचं काम बघू," मालक बाईकडे वळले. "पट्टी न लावता एक सरळ रेघ ओढून दाखवा." या धंद्यातली परीक्षा तीच.

बाईने पेंटरचा ब्रश उचलला, लाल रंगात भिजवला आणि काचेवर जागा शोधली. मग हिशोबाच्या ओळीच्या खाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका दमात रेघ ओढली. ती कुठेही हलली नाही.

"मालक, ठेवून घ्या यांना," पेंटर म्हणाला.

"ते ठेवलंच," मालक डोळे बारीक करून बघत होते. "पण एवढी जाड कशाला ओढलीत?"

"रस्त्याच्या पलीकडून दिसायला नको?"