तीस गोगलगायींचा रविवार

"लंबू, माझं जरा चुकलंय रे," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी बंद वहीवर तळहात ठेवला.

लंबूच्या पदवीच्या प्रयोगाची ती वही होती. एवढा उंचापुरा गडी, पण खुर्चीत बसल्या बसल्या निम्मा झाला. वहीत त्याच्या तीस गोगलगायींची वजनं होती. रोज सकाळी दहाला एकेकीला काट्यावर ठेवायचं आणि आकडा लिहायचा, हा दोन वर्षांचा नेम. परवा रविवारी मात्र स्वारी दुपारी एकपर्यंत घोरत पडली होती. रिकामा रकाना बघून त्याचा जीव कासावीस झाला, तेव्हा त्याच्या थोरल्या ताईनं तोडगा काढला. "शनिवारच्या आकड्यांत चिमूटभर वाढव नि मोकळा हो. गोगलगाय काय कोर्टात जाणार आहे?" लंबूनं वाढवलं. खरं वाटावं म्हणून दोन-तीन ठिकाणी घटवलंसुद्धा. अक्कल काही कमी नव्हती.

"रविवारी सकाळी सातलाच मी काटा घरी नेला," मॅडम सांगत होत्या. "नातीचा वाढदिवस, केकचं सामान मोजायचं होतं. संध्याकाळी आणून ठेवला. तू बिचारा दहाला येऊन हात हलवत परत गेला असशील. रविवारचा रकाना कोराच असेल ना? राहू दे. माझ्या नावानिशी कारण लिही. बघू वही."

घ्या! जो काटा जागेवर नव्हताच, त्यावर लंबूनं तीस गोगलगायी तोलल्या होत्या. तेही दशांशाच्या दुसऱ्या घरापर्यंत! मॅडमचा अंगठा पुठ्ठ्याखाली गेला. आता दोन वर्षं पाण्यात, पदवीही पाण्यात.

"मॅडम, थांबा!" लंबू ताडकन उभा राहिला. "रकाना कोरा नाही. मी भरलाय. ताईच्या स्वयंपाकघरात बसून. रविवारी मी आलोच नव्हतो."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. लंबूला वाटलं, संपलं सगळं. मॅडमनी लाल पेन पुढे सरकवलं.

"आकड्यांवर एक रेघ मार. पार खोडून टाकायचे नाहीत, दिसले पाहिजेत. शेजारी लिही, झोपलो होतो. सही कर आणि पळ. दहा वाजत आले, तुझ्या तीस जणी खोळंबल्यात."

लंबूला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं आणि हायसंही वाटत होतं. तो धावतच काट्याच्या खोलीत शिरला. प्रयोगशाळेच्या किल्ल्या सांभाळणारे मामा तिथं फडकं मारत होते.

"मामा, काटा नीट चालतोय ना? रविवारी मॅडमनी घरी नेला होता म्हणून विचारतो."

मामांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग गालातल्या गालात हसले.

"काटा कुठंही गेला नव्हता, राजा. रविवारी किल्ली मागायला कुणी आलं नाही, एवढंच मी मॅडमच्या कानावर घातलं. पंधरा वर्षं झाली, दर वर्षी तुमच्यातला एक जण धापा टाकत येतो आणि हेच विचारतो. केक मात्र आजवर कुणाला मिळालेला नाही."