चाळीसच्या चाळीस

विद्यापीठात ऑनलाइन खरेदी सुरू झाली, तेव्हा मोठ्या साहेबांनी फीत कापली आणि पहिली टाळीही स्वतःच वाजवली. दुसऱ्याच दिवशी प्रयोगशाळेतल्या उंदरांचं खाद्य संपलं. त्यांची देखभाल करणाऱ्या मावशी नेहमीसारखी चिठ्ठी घेऊन खरेदी विभागात गेल्या.

"चिठ्ठीचे दिवस गेले, मावशी. मागणी ऑनलाइन टाका. साहेबांनी मंजूर केली की खाद्य थेट दारात!" कारकून म्हणाला.

"आणि तोवर माझे चाळीस जीव काय खातील? साहेबांचं भाषण?"

मागणी टाकली. महिना उलटला तरी पडद्यावर एकच शब्द होता, 'विचाराधीन'. मावशी रोज आपला डबा पिंजऱ्यांत वाटायच्या आणि स्वतः पाण्यावर दिवस काढायच्या.

अखेर साहेबांना जाग आली. त्यांनी जिवंत उंदरांची मोजदाद मागवली. मावशींनी अभिमानाने कळवलं, "चाळीसच्या चाळीस!"

संध्याकाळी पडद्यावर उत्तर झळकलं.



"महिनाभर खाद्य न पुरवताही सर्व उंदीर जिवंत आहेत. सबब, खाद्याची गरज दिसत नाही. मागणी कायमची रद्द."